ग्रंथालयाची यादी आणि दुपारचं पायथन

आमचं ग्रंथालय सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते आठ उघडं असतं. मधल्या वेळात नोंदी, बांधणीला द्यायची पुस्तकं, पत्रव्यवहार ही कामं चालतात. ती आटोपली की घरी जायच्या आधी तासभर हाताशी उरतो. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा मी त्या तासात शिकले. अजूनही शिकतेच आहे, पण आता ग्रंथालयाची पूर्ण यादी मी स्वतः लिहिलेल्या प्रोग्राममधून निघते. पन्नाशीला आलेल्या आणि संगणकाची पदवी नसलेल्या माणसाला हे जमतं का, असं विचारणारे बरेच जण भेटतात, म्हणून कसं शिकले ते सविस्तर लिहिते आहे.

आधी गरज सांगते, कारण सगळं तिच्यातूनच आलं. आमच्याकडे अठरा हजारांच्या आसपास पुस्तकं आहेत आणि त्यांची नोंद तीन ठिकाणी आहे. एक म्हणजे दाखल नोंदवही, जिच्यात प्रत्येक पुस्तकाला दाखल अंक मिळतो. दुसरी लाकडी खणांमधली कार्डं. तिसरी नोंद संगणकात, आणि तीही दोन तुकड्यांत. जुना तुकडा युनिकोड वापरात येण्याआधीच्या एका फॉन्टमध्ये टाइप केलेला, नवा तुकडा एक्सेलमध्ये युनिकोडमध्ये. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक खुणेला एक ठरलेला क्रमांक देणारी सगळीकडे चालणारी पद्धत. तो जुना फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं नि चिन्हांची गर्दी दिसायची. एखाद्या वाचकाला एका लेखकाची सगळी पुस्तकं हवी असली तर तिन्ही ठिकाणी शोधावं लागे. मला वर्णक्रमाने लावलेली एकच यादी हवी होती, आणि हजारो नोंदी पुन्हा हाताने टाइप करायला माणसं नव्हती.

माझी भाची पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. तिच्यापुढे हे सगळं मांडलं तेव्हा ती म्हणाली, "आत्या, हे काम पायथनचं आहे. मी दोन दिवसांत करून देईन गं, पण पुढच्या वर्षी नवी पुस्तकं आली की परत मलाच फोन करशील. तूच शीक की." माझं संगणकाचं शिक्षण म्हणजे एमएससीआयटी आणि रोजच्या वापरातलं एक्सेल. पण तिचं म्हणणं पटलं. जे काम दरवर्षी करायचं आहे ते आपल्या हातात हवं.

पायथन कुठून आलं हे मी सुरुवातीलाच वाचून काढलं, कारण एखादी गोष्ट कुणी आणि का केली हे कळल्याशिवाय ती माझ्या डोक्यात बसत नाही. नेदरलँड्समधल्या आम्सटरडॅम इथल्या सीडब्ल्यूआय या गणित आणि संगणकशास्त्राच्या संस्थेत ग्विडो व्हान रॉसम यांनी १९८९ च्या नाताळच्या सुट्टीत या भाषेचं काम सुरू केलं आणि १९९१ मध्ये ती लोकांसमोर आणली. त्याच संस्थेत आधी एबीसी नावाची एक भाषा झाली होती, तिच्यावर त्यांनी काम केलं होतं. ती प्रोग्रामिंगचा सराव नसलेल्या लोकांना डोळ्यांसमोर ठेवून केलेली होती, आणि पायथन सहज वाचता येतं यामागे तो वारसा आहे. माझ्या दृष्टीने यातली सर्वांत मोलाची घटना मात्र २००८ च्या डिसेंबरातली आहे. तेव्हा पायथन ३ आलं आणि तेव्हापासून या भाषेत मजकूर म्हणजे थेट युनिकोड. देवनागरीत काम करणाऱ्या माणसाला यासाठी वेगळी खटपट करावी लागत नाही. पायथन २ ची देखभाल १ जानेवारी २०२० पासून बंद झाली. आमच्याच कपाटात पायथन २ च्या काळातलं एक पाठ्यपुस्तक निघालं. त्यातलं प्रिंट, म्हणजे उत्तर पडद्यावर दाखवण्याची आज्ञा, कंसाशिवाय लिहिलेलं होतं. ते तसंच टाइप केलं तर आजचं पायथन कंस राहिल्याचं सांगतं आणि तुम्हाला असं म्हणायचं होतं का, असंही विचारतं. नवशिक्याने पुस्तक घेताना ते कोणत्या आवृत्तीवर आहे हे आधी पाहावं, एवढं त्या पुस्तकाने शिकवलं.

पायथनबरोबर आयडल नावाचं एक साधं लिहिण्याचं साधन फुकट येतं. तीन बाणांसारख्या खुणा दिसतात, त्यांच्यापुढे एक ओळ लिहायची, एंटर दाबायचं, उत्तर लगेच खाली. पहिले काही महिने मी याच खिडकीत बसले. भाचीने एक नियम घालून दिला होता: आधी वहीत उत्तर लिही, मग एंटर दाब. दोनशे पानी वही केली. डाव्या बाजूला ओळ, उजवीकडे माझा अंदाज, त्याच्याखाली पायथनचं खरं उत्तर. सात भागिले दोन यात दोन तिरप्या रेघा टाकल्या तर ३ येतं, हे कळलं. मग उणे सातला तसंच भागलं तर? बहुतेक माणसं उणे ३ म्हणतील. पायथन उणे ४ म्हणतं, कारण ते नेहमी खालच्या पूर्णांकाकडे जातं. एक ते दहा अशी रेंज मागितली तर दहा येत नाही, नऊवर थांबते. अशा गोष्टी नुसत्या वाचल्या असत्या तर दुसऱ्या दिवशी पुसल्या गेल्या असत्या. अंदाज वहीत लिहिलेला असला की फरक डोळ्यांसमोर राहतो आणि तो का पडला हे शोधल्याशिवाय पुढे जाववत नाही.

दुसरा नियम माझा होता: काहीही कॉपी करायचं नाही. कंस, अवतरणचिन्हं, कोलन, चार जागांचं ओळ आत घेणं, सगळं हाताने. पायथनमध्ये कोणती ओळ कोणाच्या पोटात आहे हे महिरपी कंसांनी सांगत नाहीत, ओळ किती आत सुरू होते त्यावरून ठरतं. बोटांना ती सवय लागली की डोळ्यांना प्रोग्रामचा आकार दिसायला लागतो.

पायथनमध्ये राखीव शब्द फक्त ३५ आहेत. इफ, एल्स, फॉर, व्हाइल, रिटर्न, असे. पण आपल्या वस्तूंना नावं देताना पायथन ३ देवनागरीही चालवून घेतं. म्हणून मी चलांना 'पुस्तके', 'लेखक', 'दाखल_अंक' अशीच नावं दिली. फॉर पुस्तक इन पुस्तके, अशी ओळ मी लिहायचे. कळफलक सारखा मराठी-इंग्रजी बदलावा लागतो, हा त्रास खरा आहे. पण याचा एक फायदा इतका मोठा आहे की मी तो प्रत्येक मराठी नवशिक्याला सांगते: जे इंग्रजी ते पायथनचं, जे मराठी ते माझं. पाठ्यपुस्तकातल्या उदाहरणात कोणता शब्द भाषेचा आणि कोणता लेखकाने ठेवलेला, हे नवशिक्याला कळत नाही आणि तिथेच तो अडतो. माझ्या वहीत तो गोंधळ कधी झालाच नाही. पुढे चारचौघांत वापरायचा प्रोग्राम लिहिताना नावं इंग्रजीत दे, असं भाचीने सांगितलं, आणि आता मी तसंच करते. शिकतानाची गोष्ट वेगळी.

साधारण चौथ्या आठवड्यापर्यंत मी पाठ्यपुस्तकातली गणितं सोडवत होते. मूळ संख्या, वर्तुळाचं क्षेत्रफळ, विद्यार्थ्यांचे गुण. सुटत होती, पण मन लागत नव्हतं, आणि मुख्य म्हणजे उत्तर बरोबर आलं की नाही हे पुस्तकाच्या शेवटी पाहिल्याशिवाय मला सांगता येत नव्हतं. मग मी रोजचा प्रश्न आमच्या ग्रंथालयातूनच काढायचा असं ठरवलं. अमुक तारखेला नेलेलं पुस्तक आज परत आलं तर विलंब शुल्क किती? तारखांची वजाबाकी पायथन स्वतः करतं, फेब्रुवारी आणि लीप वर्ष धरून. या महिन्यात सर्वांत जास्त वेळा बाहेर गेलेला विषय कोणता? काउंटर नावाची एक तयार सोय आहे, ती नुसती यादी दिली की मोजून देते.

आणि मग एके दिवशी हा प्रश्न घेतला: एकपासून शेवटच्या दाखल अंकापर्यंत कोणते अंक संगणकात नाहीतच? यासाठी पायथनमधला संच कामी आला. सगळे अंक असलेला एक संच, आपल्याकडे असलेल्या अंकांचा दुसरा, पहिल्यातून दुसरा वजा. तीन ओळींचा प्रोग्राम. उत्तरात आकड्यांची लांबच लांब रांग आली. नोंदवही काढून एकेक अंक पाहिला. बरेचसे निर्लेखित झालेल्या, म्हणजे संग्रहातून काढून टाकलेल्या, पुस्तकांचे होते, ते नसायलाच हवे होते. उरलेली पुस्तकं मात्र कपाटात होती आणि संगणकात नव्हती. ती त्याच आठवड्यात चढवली. त्या दिवसापासून हे शिकणं माझं काम झालं.

स्वतःच्या ओळखीच्या सामग्रीवर सराव करण्यात एक ताकद आहे, ती मला इथे कळली. ही पुस्तकं मी वर्षानुवर्षं हाताळलेली आहेत. प्रोग्रामने सांगितलं की अमुक लेखकाची चारच पुस्तकं आहेत, तर मला लगेच कळतं की हे चूक, कारण तो अख्खा खण मला पाठ आहे. मग प्रोग्राममध्ये बिघाड शोधायचा. बहुतेक वेळा नावाच्या शेवटी एक न दिसणारी मोकळी जागा असे, किंवा आद्याक्षरांनंतरच्या टिंबापुढे कुठे जागा सोडलेली आणि कुठे नाही. आपल्या डोळ्यांना एकच माणूस, पायथनला दोन. किराणा दुकानदाराने आपल्या खतावणीवर शिकावं, शिक्षकाने हजेरीवर, शेतकरी गटाने दूध संकलनाच्या नोंदींवर, असं मी आग्रहाने सांगते. ज्या आकड्यांची तुम्हाला नस ठाऊक आहे तेच आकडे तुमच्या प्रोग्रामची परीक्षा घेऊ शकतात.

त्रुटीसंदेशांबद्दल थोडं. पायथनचा संदेश लांब असतो आणि लाल असतो, त्याने नवीन माणूस बिचकतो. तो खालून वाचायचा. सर्वांत खालच्या ओळीत काय झालं ते असतं, तिच्या वर कुठल्या ओळीवर झालं ते. २०२१ मध्ये आलेल्या ३.१० या आवृत्तीपासून हे संदेश पुष्कळ सुधारले, उघडा राहिलेला कंस नेमका कुठला तेही दाखवतात. मराठी फायलींच्या बाबतीत दोन संदेश हमखास भेटतात. विंडोजवर फाइल उघडताना एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं फाइलमध्ये कोणत्या पद्धतीने साठवली आहेत ते, सांगितलं नाही तर पायथन विंडोजची आपली जुनी पद्धत लावून पाहतं आणि चारमॅप असा शब्द असलेली तक्रार करतं. फाइल उघडतानाच यूटीएफ-८ असं युनिकोड साठवण्याच्या पद्धतीचं नाव लिहून दिलं की ती मिटते. दुसरा जास्त चकवणारा. एक्सेलमधून यूटीएफ-८ ची सीएसव्ही फाइल (रकाने स्वल्पविरामांनी वेगळे केलेला साधा मजकूर) काढली, पायथनने ती वाचली, रकान्यांची नावं छापून पाहिली तर 'दाखल अंक' स्पष्ट दिसतंय, आणि तोच रकाना मागितला की कीएरर, म्हणजे असं नावच नाही अशी तक्रार. एक्सेल फाइलच्या अगदी सुरुवातीला एक अदृश्य खूण ठेवतं आणि ती पहिल्या रकान्याच्या नावाला चिकटते. एन्कोडिंगच्या नावापुढे 'सिग' जोडलं की पायथन ती खूण वगळून वाचतं. मी ही नोंद वहीच्या पुठ्ठ्यावर आतून लिहून ठेवली आहे.

आता मला सर्वांत आवडलेल्या भागाकडे येते. पाठ्यपुस्तकात एक ठरलेला प्रश्न असतो: उलटसुलट सारखाच वाचला जाणारा शब्द ओळखा. 'सरस', 'नयन', 'कडक' घातले, उत्तर बरोबर. मग 'नवजीवन' घातला. न, व, जी, व, न, उलटा वाचला तरी नवजीवनच. पायथन म्हणालं, नाही. उलटा शब्द छापून पाहिला तर 'नवीजवन'. पायथनच्या हिशेबी 'जी' हे एक अक्षर नाही, ज आणि दीर्घ ईकार या दोन वेगळ्या खुणा आहेत, आणि उलटवताना ईकार आधी आला तो व ला जाऊन लागला. तसंच 'पुस्तक' या शब्दाची लांबी पायथन ६ सांगतं. प, उकार, स, हलन्ताची खूण, त, क. आपण पु, स्त, क अशी तीन अक्षरं मोजतो. मराठी शाळेत चौथीपर्यंत जे शिकलो त्याची सगळी जोडणी अशी उलगडून समोर आली आणि त्या दुपारी घरी जायला मला उशीर झाला.

ऑर्ड नावाचं एक फंक्शन, म्हणजे नाव घेऊन बोलावता येणारा प्रोग्रामचा छोटा तुकडा, खुणेचा युनिकोडमधला क्रमांक सांगतं. देवनागरीचा पट्टा २३०४ ते २४३१ असा आहे. अ चा २३०९, क चा २३२५, ह चा २३६१. मी वहीत अख्खी वर्णमाला क्रमांकांसह लिहून काढली आणि तिथेच यादीच्या वर्णक्रमाचं कोडं दिसलं. पायथनचं सॉर्टेड हे फंक्शन याच क्रमांकांवर चालतं. बरंचसं आपल्या मनाजोगं होतं. हलन्ताच्या खुणेचा क्रमांक सगळ्या मात्रांच्या नंतरचा, त्यामुळे 'क्र' आणि 'क्य' हे 'कौ' च्या मागे जातात, जसे कोशात असतात. पण ळ चा क्रमांक २३५५ आहे, ल च्या लगेच पुढे आणि व च्या आधी. आपल्या वर्णमालेत ळ ह च्या नंतर येतो. त्यामुळे पायथनच्या यादीत 'मळा' हा 'मवाळ' च्या आधी, आमच्या खणांत तो 'महाल' च्याही मागे. आणि क्ष, ज्ञ यांना युनिकोडमध्ये स्वतंत्र क्रमांकच नाहीत, ते क आणि ज च्या पोटात जातात. आमच्या कार्डांत त्यांचे खण शेवटी आहेत. वाचकांना तीच सवय आहे आणि ती मोडायचं मला काही कारण दिसत नव्हतं.

यावर उपाय असा की सॉर्टेडला आपली स्वतःची किल्ली देता येते. मी वर्णमाला मला हव्या त्या क्रमाने एका ओळीत लिहिली, ळ ला ह च्या पुढे नेलं, आणि प्रत्येक शब्दाचं रूपांतर त्या ओळीतल्या स्थानांच्या यादीत करणारं फंक्शन लिहिलं. क्ष आणि ज्ञ साठी आधी शब्दातली ती जोडी एका न वापरल्या जाणाऱ्या खुणेने बदलून टाकायची आणि ती खूण ओळीच्या शेवटी ठेवायची. फंक्शन म्हणजे काय, ते मूल्य परत देतं म्हणजे काय, एक फंक्शन दुसऱ्याला कसं सोपवायचं, हे मी तोवर वाचलेलं होतं. कळलं ते हे लिहिताना. यादी छापून 'म' च्या खणाशी कार्ड न् कार्ड ताडून पाहिली आणि ती जुळली.

अदृश्य फरकांचे दोन प्रकार पुष्कळ दिवस पुरले. 'दुसऱ्या' मधला तो चंद्रकोरीसारखा र दोन रीतींनी टाइप होतो. एका रीतीत ऱ हे वेगळं अक्षर आणि हलन्त, दुसऱ्या रीतीत साधा र, हलन्त आणि मध्ये जोडणारी एक अदृश्य खूण. दिसायला एकच, पायथनला एकाची लांबी ७ आणि दुसऱ्याची ८. 'ॲड.' चं तर आणखी वेगळं. वकील लेखकांच्या नावामागे ते असतं. काही नोंदींत अ आणि त्यावर चंद्र असं टाइप केलेलं, काहींत एकसंध ॲ, जो युनिकोडमध्ये २००८ साली आला आणि ज्याचा क्रमांक २४१८ आहे, म्हणजे ह च्याही पलीकडे. परिणामी अर्धे वकील यादीच्या सुरुवातीला, अर्धे शेवटी. युनिकोडची एकसारखं करण्याची जी ठरलेली पद्धत पायथनमध्ये आहे ती या दोन्ही जोड्या एक करत नाही. मला हाताने बदलायच्या जोड्यांची एक डिक्शनरी, म्हणजे कशाच्या जागी काय ते सांगणारा तक्ता, करावी लागली. डिक्शनरी हा पायथनमधला प्रकार मला तोवर कोरडा वाटत होता. या कामाने तो माझा सर्वांत आवडता झाला.

मार्चअखेर हिशेब, मग शासनाच्या अनुदानासाठीची तपासणी, त्यामुळे सराव मध्ये बराच काळ सुटला. परत बसले तेव्हा नवं काही घेतलं नाही. वहीतलं मधलंच एखादं पान काढून, उजवी बाजू झाकून, पुन्हा अंदाज लिहायला लागले. आठवडाभरात हात वळायला लागला. सुटलेला सराव भरून काढायला तीन-तीन तास बसण्यापेक्षा रोजचा तास परत लावणं मला जास्त लाभलं.

यानंतरच मी जुन्या फॉन्टच्या फाइलला हात घातला, आणि भाषा अंगात मुरली ती या कामात. त्या फाइलमध्ये मराठी अक्षरं नाहीतच. इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं आहेत, फॉन्ट त्यांच्या जागी मराठी आकृत्या दाखवतो. पहिलं काम आकृत्यांचा तक्ता. कुठलं चिन्ह म्हणजे कुठलं अक्षर, हे छापील कागद आणि फाइल शेजारी ठेवून भरत गेले. मग बदलण्याचा क्रम. अशा फॉन्टमध्ये पूर्ण ग बहुतेकदा अर्धा ग आणि काना असा दोन आकृत्यांचा असतो. आधी काना बदलला तर 'ग' चं 'ग्ा' होऊन बसतं. म्हणून लांब जोड्या आधी, सुट्या आकृत्या नंतर. त्यापुढचं काम अवघड. ऱ्हस्व इकार तिथे डोळ्यांना दिसतो तसा व्यंजनाच्या आधी असतो आणि युनिकोडमध्ये तो व्यंजनाच्या नंतर लागतो. रफार तिथे अक्षर झाल्यावर येतो, युनिकोडमध्ये र आणि हलन्त त्या अक्षराच्या आधी. 'वार्षिक' या एका शब्दात दोन्ही आहेत, आणि ग्रंथालयात 'वार्षिक' पावलोपावली: वार्षिक अहवाल, वार्षिक अंक, वार्षिक वर्गणी. कित्येक दुपारी तो एकच शब्द वहीत उभा-आडवा लिहून, एकेक खूण कुठून कुठे सरकली पाहिजे याचे बाण काढत बसले. 'स्थिती' मध्ये इकाराने अर्ध्या स वरून उडी मारून थ च्या पुढे जायला हवं, म्हणजे आधी सगळी अर्धी अक्षरं ओलांडा, पूर्ण अक्षर सापडेपर्यंत थांबू नका. हे वाक्य वहीत मराठीत लिहिलं आणि लक्षात आलं की हीच व्हाइलची, म्हणजे अट खरी आहे तोवर तेच करत राहा असं सांगणारी, ओळ आहे. आधी मराठीत नीट सांगता आलं की पायथनमध्ये उतरवायला फार वेळ लागत नाही, हा अनुभव पुढे पुन्हा पुन्हा आला.

भाचीने एआयकडून कोड कसा मागायचा तेही दाखवलं. मी ते वापरते आणि त्याला नावं ठेवणार नाही. पण एकदा शीर्षकांतले शब्द मोजायला मिळालेल्या कोडमध्ये शब्द ओळखण्यासाठी बॅकस्लॅश-डब्ल्यू ही नेहमीची खूण होती. पायथनच्या मूळ री मॉड्यूलमध्ये (मॉड्यूल म्हणजे तयार कोडचा संच) ती मात्रांना आणि हलन्ताला शब्दाचा भाग धरत नाही, त्यामुळे 'पुस्तक' चे 'प', 'स' आणि 'तक' असे तीन तुकडे पडले. इंग्रजीवर तो कोड उत्तम चालला असता. सराव केलेला होता म्हणून तुकडे पाहताच कारण कळलं, आणि वेगळं मिळणारं रेजेक्स नावाचं मॉड्यूल घेऊन ते नीट केलं.

क्लास, म्हणजे आपले स्वतःचे प्रकार घडवणं, मी अजून वरवरच शिकले आहे. माझ्या कामाला फंक्शन आणि डिक्शनरी पुरतात. एसक्यूलाइट हा डेटाबेस पायथनबरोबरच येतो, यादी आता त्यात ठेवली आहे.

सध्या दुपारी चालू आहे ते शोधाचं काम. वाचक 'किर्ती' टाइप करतो आणि नोंद 'कीर्ती' अशी असते. म्हणून शोधण्यापुरते दोन्ही बाजूंचे दीर्घ ईकार-ऊकार ऱ्हस्व करून मग जुळवणी करणारं फंक्शन लिहिलं. त्यामुळे 'दिन' मागितला की 'दीन' ही येतो आणि 'सुत' बरोबर 'सूत' ही, पण शोधात एखादं पुस्तक जास्त दिसलेलं चालेल, असलेलं दिसलं नाही तर चालणार नाही, असं मी ठरवलं. डिफलिब या तयार मॉड्यूलमध्ये जवळचे शब्द सुचवण्याची सोय आहे, तीही जोडून पाहते आहे. अनुस्वाराचं अजून ठरत नाहीये. काही जुन्या नोंदींत 'ग्रन्थ' आहे, नव्यांत 'ग्रंथ', आणि न च्या जागी अनुस्वार धरायचा तर ङ, ञ, ण, म यांचंही बघावं लागतं, पुढचं व्यंजन कोणत्या वर्गातलं आहे ते तपासून. कवर्ग आणि चवर्ग झाले आहेत. टवर्ग उद्या घेणार आहे.